वार्धक्यातील उठबस

साठी उलटलेल्या मराठी माणसाला देवाकडे काय मागणार असे विचारले, तर तो शंभर वर्षांचे आयुष्य क्वचितच मागेल. हातपाय चालते आहेत तोवर उचलून ने, अंथरुणाला खिळवू नकोस, कुणाच्या जिवाला भार होऊ देऊ नकोस, एवढेच त्याचे मागणे असते. ही प्रार्थना घरोघरी इतकी रुळली आहे की, तिच्यात दडलेला विचार कुणाच्या ध्यानातही येत नाही. मरणापेक्षा परावलंबनाचे भय मोठे, हा तो विचार; आणि हातपाय चालणे वा न चालणे सर्वस्वी दैवाधीन आहे, ही त्यामागची समजूत. यांपैकी पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मात्र गेल्या काही दशकांतील संशोधनाने बव्हंशी खोटी ठरविली आहे. तथापि आपली कुटुंबे, आपली रुग्णालये आणि आपल्या नगरपालिका अद्याप ती खरी मानूनच चालल्या आहेत; आणि म्हातारपणी जे बळ टिकू शकले असते ते आपण आपल्याच हातांनी, बहुधा मोठ्या प्रेमाने, हिरावून घेत आहोत.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या १० कोटी ३८ लाख होती आणि महाराष्ट्रात तर हे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास पोचले होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपलीकडचा असेल, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वार्धक्यविषयक अहवालात वर्तविला आहे. आयुष्य वाढले याचा आनंद आपण मानतो, आणि तो मानावाच. परंतु वाढलेली वर्षे स्वत:च्या पायांवर जाणार की दुसऱ्याच्या खांद्यावर, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला दिसत नाही.

आपल्याकडे वयाचा मान राखण्याची रीत ठरून गेली आहे. नोकरीतून निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला वा लेखनिकाला शाल आणि श्रीफळ देताना प्रत्येक वक्ता एकच आशीर्वाद देतो : ‘पुष्कळ कष्ट केलेत, आता आराम करा.’ घरी सून सासूच्या हातची घागर काढून घेते; नातू आजोबांना दळणाचा डबा उचलू देत नाही; पाणीही जागेवर आणून दिले जाते. जो मुलगा आईला जिना चढू देत नाही तो तिच्यावर माया करीत असतो, यात शंका नाही. त्यातून घरातल्या वडीलधाऱ्याने काम करणे हा कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसतो. ‘या वयात म्हाताऱ्याला राबवतात’ हे शेजाऱ्याचे वाक्य ऐकण्यापेक्षा म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून ठेवणे सोपे! यथावकाश ती खुर्ची त्याची ठरलेली जागा होते, आणि दोनतीन वर्षांनी त्या खुर्चीतून उठताना त्याला हात द्यावा लागतो, तेव्हा सगळे म्हणतात, ‘वय झाले.’

वयाच्या खात्यावर आपण जे मांडतो त्यातले किती खरोखर वयाचे असते? १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास लावले आणि त्यांची शारीरिक क्षमता मोजली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची श्रम करण्याची शक्ती जितकी घटविली होती त्याहून अधिक ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घटविली होती. दुसरा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी स्त्रीपुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे एक किलोने घटले. आपल्याकडे साधा ताप, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा पाठीत आलेली उसण एवढ्यानेही वृद्धाच्या वाट्याला पंधरा-पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती येते. डॉक्टरांनी सांगितली नसली तरी घरचे ती देतात. ताप उतरतो, पाय मात्र पहिल्यासारखे राहत नाहीत.

बसून राहण्याचा दोष केवळ वृद्धांपुरता आहे असेही नाही, आणि हे पान वाचणाऱ्या लेखनिकवर्गाने त्याची विशेष दखल घ्यावी. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात होतो, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात पायी व सायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांची तुलना टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांशी केली होती, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. मॉरिस स्वत: २००९ साली वारले तेव्हा शंभरीला थोडेच अंतर उरले होते. स्नायूंची झीज निवृत्तीच्या दिवशी सुरू होत नाही. ती चाळिशीच्या आसपास नि:शब्दपणे सुरू झालेली असते आणि कचेरीतली तीस वर्षे तिला हातभार लावीत असतात. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचविले. मांस आणि दारिद्र्य या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ते केलेले आहे. स्नायूंचे दारिद्र्य म्हटले तर आपल्याकडे ते चटकन समजेल.

हे दारिद्र्य हटविता येते का? या प्रश्नाला सर्वांत ठाम उत्तर १९९० साली बोस्टनमधून आले. तेथील एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या घरातील दहा जणांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करवून घेण्यात आला. ही माणसे दुबळी होती, अनेक व्याधींनी ग्रासलेली होती. ज्यांनी तो व्यायाम पूर्ण केला त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि चालण्याचा वेग जवळजवळ दीडपट झाला. प्रयोग लहान होता. म्हणून त्याच संशोधकांनी चार वर्षांनी शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. तेव्हाही व्यायाम करणाऱ्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. या दुसऱ्या प्रयोगातील एक उपकथा आपल्याला फार उद्बोधक आहे. काही जणांना व्यायामाऐवजी केवळ पौष्टिक पेय देण्यात आले होते. त्यांच्या दुबळेपणात फरक पडला नाही. शक्तिवर्धकांच्या डब्यांवर घरटी शेकडो रुपये खर्च करणाऱ्या आणि आजीला दोन जिने उतरून खाली नेण्यास मात्र वेळ नसणाऱ्या मुलाबाळांनी हे ध्यानात घेतले तर बरे. चौरस आहाराची, विशेषत: डाळी-दूध-अंड्यांची, गरज म्हातारपणी वाढते हे खरेच, पण स्नायूंना काम दिल्यावाचून आहार बळात उतरत नाही.

येथे बळ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. वार्धक्यात कुस्ती मारावयाची नसते की शर्यत जिंकावयाची नसते. शौचालयातून आधारावाचून उठता यावे, बसची पायरी चढता यावी, फळीवरचा डबा काढता यावा, ठेच लागली तर तोल सावरता यावा, देवळापर्यंत जाऊन परत येता यावे, ही खरी कसोटी. कॅलिफोर्नियातील रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स या प्राध्यापिकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस वृद्धांसाठी जी चाचणीमालिका सिद्ध केली तिच्या मुळाशी हाच विचार आहे. शास्त्रज्ञ त्याला कार्यात्मक तंदुरुस्ती म्हणतात. आपल्या भाषेत त्याला केव्हापासूनच एक सुटसुटीत शब्द आहे : उठबस. पाहुण्यांची उठबस करता करता जी बाई दिवसातून शंभर वेळा पाटावरून उठे आणि बसे, तिच्या मांड्यांत हे सामर्थ्य आपोआप टिकून राही. रिकली-जोन्स यांच्या मालिकेतील पहिली चाचणी तरी काय आहे? हात छातीशी दुमडून साध्या खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावयाचे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या पुरुषाला बारापेक्षा आणि स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमले, तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या कोष्टकानुसार ते सरासरीहून कमी समजले जाते. आकडे अमेरिकन आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लागू करू नयेत; परंतु तालमीतली बैठक ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मारली त्याला ही चाचणी परकी वाटण्याचे कारण नाही.

जमिनीवरून उठण्याची कथा तर याहून बोलकी आहे. ब्राझीलमधील क्लॉडिओ गिल अरौजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजारांवर माणसांना जमिनीवर बसावयास आणि पुन्हा उठावयास सांगितले. दहा गुण, हात, गुडघा वा अन्य कशाचा आधार घेतला की दर आधाराला एक गुण वजा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन किंवा त्याहून कमी गुण मिळविणाऱ्यांचे पुढील काही वर्षांतील मृत्युमान आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक होते. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या अंगी बळ, लवचीकता आणि तोल शिल्लक आहे त्यालाच ते जमते, एवढेच यातून निघते. पण विचार करावा असा योग असा की, जगात जमिनीवर बसणे ही परीक्षा ठरत असताना आपण मात्र ती सवय घराबाहेर काढीत आहोत. जेवणाला टेबल आले, शौचालयात खुर्चीवजा भांडे आले, कीर्तनात आणि लग्नात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना या सोयी हव्याच, त्याबद्दल वाद नाही. मात्र ज्यांना काही दुखत नाही त्यांनीही पन्नाशीतच मांडी घालणे सोडून दिले आणि पुढे ती घालता येईनाशी झाली, हा क्रम आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे.

‘आम्ही रोज सकाळी फिरावयास जातो’ असे उत्तर यावर मिळेल. फिरणे उत्तमच. सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या सोळाशेहून अधिक बैठ्या अमेरिकनांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चालण्याला जोडून थोडा बळाचा व तोलाचा व्यायाम करणाऱ्यांपैकी चालता न येण्याच्या अवस्थेला पोचणारे इतरांपेक्षा कमी निघाले. तथापि त्यातला ‘जोडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबरच दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते. उद्यानाला संथ तीन फेऱ्या, मग बाकावर बसून तासभर राजकारण आणि परतताना उपाहारगृहात बटाटेवडा, हा जो आपल्या शहरांतील प्रात:कालीन विधी आहे, त्याने मन प्रसन्न होते आणि तेही थोडे नव्हे. पण मांडीचे स्नायू आणि तोल त्याने फारसे सुधारत नाहीत. म्हातारपणी माणसाला जायबंदी करते ते बहुधा पडणे. खुब्याचे हाड मोडले की पुष्कळांचे घराबाहेरचे जग संपते. हाड सांधले तरी पुन्हा पडण्याचे भय सांधत नाही, आणि त्या भयाने हालचाल घटली की पडण्याचा संभव आणखी वाढतो. शंभरहून अधिक प्रयोगांचा २०१९ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे तेवीस टक्क्यांनी घटते असे दिसून आले. न्यूझीलंडमधील ओटॅगो येथे ऐंशीपुढील स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन असा व्यायाम शिकविण्याचा प्रयोग १९९७ सालीच यशस्वी झाला होता. त्याला लागले काय? पायाला बांधावयाची थोडी वजने, एक टेबल वा ओटा धरावयाला, आणि शिकविणारे माणूस.

येथवर जे लिहिले ते ज्यांना विश्रांती मिळते त्यांच्याविषयी झाले. परंतु महाराष्ट्रातील वृद्धांचा फार मोठा भाग असा आहे की, ज्यांना आराम करा असे म्हणणारे कुणी नाही. सत्तरीतही भातलावणीला वाकणारी, डोक्यावर सरपणाची मोळी वाहणारी स्त्री कमी हालचाल करते, असे कोण म्हणेल? तिला व्यायामाचे प्रवचन देणे हा क्रूर विनोद होईल. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात भार हळूहळू वाढवावयाचा असतो, मध्ये विसावा असतो आणि पोटात पुरेसे अन्न असते; कष्टात यांतले काहीच आपल्या इच्छेवर नसते, आणि एकाच सांध्यावर वर्षानुवर्षे भार पडून तो झिजतो. तिला निवृत्तिवेतन हवे, गुडघ्यांवर जवळच्या केंद्रात उपचार हवेत. ग्रामीण वृद्धांच्या प्रश्नाला शहरी उद्यानातले उत्तर चालणार नाही, हे योजना आखणाऱ्यांनी विसरू नये. शहरातील मध्यमवर्गीय स्त्रियांची स्थिती आणखी निराळी आहे. घरकाम म्हणजेच व्यायाम, असे सांगून त्यांना आयुष्यभर मैदानापासून दूर ठेवले गेले. आणि यंत्रे व सुना आल्यावर तेही काम हातून गेले, तेव्हा मैदानावर जाण्याची त्यांना सवय नव्हती आणि संकोच मात्र होता.

समजा, एखाद्याने हे सारे मनावर घेतले आणि तो घराबाहेर पडला. तेथे त्याची गाठ आपल्या रस्त्यांशी पडते. पदपथाची उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. कोणत्याही गावात वीतभर उंचीचे पदपथ पाहिले की, ती मार्गदर्शिका किती वाचली जाते ते कळते. चौकातील दिव्यांचा हिशेब सामान्यत: सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसासाठी करतात. इंग्लंडमधील पासष्टीपुढील लोकांच्या पाहणीत पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. म्हणजे बारा मीटर रुंद रस्ता ओलांडण्यासाठी दिवा दहा सेकंद देतो आणि आजीला पंधरा सेकंद लागतात. उरलेली पाच सेकंदे ती मोटारींच्या दयेवर असते. फौजासिंग यांनी २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन पुरी केली तेव्हा ते शंभर वर्षांचे असल्याचे सांगितले गेले. जन्मदाखल्याअभावी त्यांचा विक्रम नोंदला गेला नाही; पण वय दोनचार वर्षे कमी धरले तरी त्या पायांचे कौतुक कमी होत नाही. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळच्या आपल्या गावी रस्त्यावर मोटारीच्या धडकेने ते मृत्यू पावले. वार्धक्याने त्यांना हरविले नव्हते.

शासनाने या विषयात काहीच केले नाही असे नाही. २०१० साली वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा विभाग आणि भौतिकोपचाराची सोय अभिप्रेत आहे. परंतु हा सारा विचार आजारी वृद्धाचा आहे. आजारी न पडलेल्या वृद्धाचे बळ टिकविणे हे कोणाच्याच खात्यात मोडत नाही. नगरपालिकांनी मात्र एक उद्योग हौसेने केला : उद्यानांतून लोखंडी यंत्रांच्या खुल्या व्यायामशाळा उभारल्या. यंत्रावर नगरसेवकाचे नाव ठळक असते. कोणत्या वयाच्या माणसाने ते कसे व किती वेळ वापरावे, हे लिहिलेले नसते आणि सांगणारे कुणी नसते. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांवर मुले झोके घेतात. जपानात १९२८ पासून नभोवाणीवर सकाळी कवायतीचा कार्यक्रम होतो आणि त्याच्या तालावर उद्यानांत, अंगणांत म्हातारेकोतारे एकत्र हातपाय हलवितात. त्याला यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. आपल्याकडे या गोष्टीला लोकप्रियता न लाभण्याचे एक कारण कदाचित हेच असावे!

यंत्रांपेक्षा शिकविणाऱ्या माणसांची उणीव मोठी आहे. आणि ही माणसे आपल्यातच आहेत. दर वर्षी कितीतरी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक निवृत्त होतात. त्यांना वृद्धांच्या व्यायामाचे, म्हणजे तोल, बैठक, हृदयविकाराची आणि मधुमेहाची पथ्ये यांचे, काही आठवड्यांचे शिक्षण भौतिकोपचाराच्या महाविद्यालयांनी दिले, तर प्रत्येक तालुक्याला एक मार्गदर्शक मिळेल. ज्येष्ठ नागरिक संघ महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. व्याख्याने, वाढदिवस आणि सहली यांतून आठवड्याचे तीन दिवस अर्धा-अर्धा तास काढणे त्यांना अवघड नाही. राहिला जागेचा प्रश्न. शाळांची मैदाने संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. ती दिवाबत्तीसह वृद्धांसाठी उघडावयास नवा कायदा लागत नाही, शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीचा ठराव पुरेसा आहे. या समितीत शिक्षक असतात, पालक असतात आणि मैदानाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत असते. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्याची सूचना कोणत्याही शिक्षकाला उद्याच देता येईल.